टेबलावर झोपवताना: भुलेखालच्या पेशंटच्या नसा आणि मणका सांभाळायची रीत

कोपर दाराच्या चौकटीला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा आहे, त्याच्यामागे एक खोबण असते आणि तिच्यात अल्नर नस कातडीच्या अगदी खाली पडलेली असते. आत्ता वाचता वाचताच हात बाजूला पसरून कोपर टेबलावर ठेवून बघा. तळहात पालथा केला की ती खोबण टेबलाकडे वळते. तळहात उताणा केला की खोबण उचलली जाते आणि भार कोपराच्या टोकावर जातो. जागेपणी पाच मिनिटांत हात अवघडतो आणि आपण तो नकळत हलवतो. भुलेखालच्या माणसाचा हात मात्र तीन तास तसाच राहतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली बावीस वर्षं तीन तालुक्यांतल्या लहान-मोठ्या हॉस्पिटलांत गाडीच्या डिकीत बॅग टाकून भूल द्यायला फिरतो. त्यामुळे टेबलं, आर्मबोर्ड (पेशंटचा हात ठेवायची फळी) आणि लिथोटॉमीच्या, म्हणजे पाय वर उचलून फाकवून ठेवायच्या पोझिशनच्या, दांड्या जितक्या तऱ्हेच्या असू शकतात तितक्या पाहिल्या आहेत. हा लेख ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काम करणाऱ्यांसाठी आहे: सिस्टर, टेक्निशियन, ओटीतले मामा, सर्जनचे असिस्टंट, नवीन भूलतज्ज्ञ. पेशंट आणि घरच्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे. एक खुलासा आधीच करतो. बोलताना आपण सलाईन लावायच्या रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू. रक्तवाहिनीला मी शीर म्हणेन.

नसेला दाब सोसत नाही, ताण सोसत नाही आणि रक्त कमी पडलेलं सोसत नाही. बहुतेक वेळा तिन्ही एकत्र येतात, कारण दाबल्या किंवा ताणल्या गेलेल्या नसेच्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. त्यात स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असलं की सांध्यांचा स्वतःचा अटकावही जातो. जागेपणी जो खांदा ठरावीक कोनापुढे जाऊच देणार नाही, तो भुलेत मुकाट्याने जातो.

हे किती होतं? अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने निकाली निघालेल्या भरपाईच्या दाव्यांचा अभ्यास १९९९ मध्ये छापला. ४,१८३ दाव्यांपैकी ६७० म्हणजे १६ टक्के नसांच्या इजेचे होते. त्यातली अल्नर २८ टक्के, खांद्याजवळचं ब्रॅकियल प्लेक्ससचं जाळं २० टक्के, कमरेतली नसांची मुळं १६ टक्के आणि मज्जारज्जू १३ टक्के. हे कोर्टकचेरीपर्यंत गेलेल्यांचे आकडे आहेत, सगळ्या पेशंटांचे नाहीत. त्यामुळे घाबरू नका. पण कुठे जास्त लक्ष द्यायचं, तो क्रम त्यातून कळतो.

आदल्या दिवशी, वॉर्डात

निम्मं काम इथेच होतं. म्हणून घाईत उरकायचंच असेल तर दुसरं काहीही उरका, हे नको.

पहिला प्रश्न: हातापायाला आधीपासून मुंग्या, बधिरपणा, जळजळ आहे का? मधुमेह, दारू, थायरॉइड, केमोथेरपी यांत नसा आधीच नाजूक झालेल्या असतात आणि थोडासा दाबही त्यांना पुरतो. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी घेणारा किंवा मेटफॉर्मिन चालू असलेला असेल तर बी-१२ कमी असण्याची शंका धरा. अशांना मी नायट्रस ऑक्साइड देत नाही, कारण तो वायू शरीरातलं बी-१२ निकामी करतो आणि आधीच तुटवडा असेल तर पुढच्या काही आठवड्यांत मज्जारज्जूलाच इजा होऊ शकते. मग पोझिशन कितीही चोख दिलेली असली तरी बोल टेबलाला लागतो.

दुसरं, हात लावून बघा. कोपरामागची अल्नर नस आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेभोवती वळसा घेणारी कॉमन पेरोनियल नस, या दोन्ही बोटाखाली लागतात. दोरीसारखी जाड किंवा दुखरी लागली तर कुष्ठरोगाचा विचार करा. आपल्याकडे, विशेषतः चंद्रपूर-गडचिरोलीकडे काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. कुष्ठरोगात नेमक्या याच दोन नसा सुजतात आणि ऑपरेशनमध्ये नेमक्या याच दोन दाबल्या जातात.

तिसरं, मान. साठीच्या पुढच्या माणसाला विचारा: सदऱ्याची बटणं लावताना बोटं अडखळतात का? चालताना तोल जातो का? मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरल्यासारखं होतं का? उत्तर हो आलं तर मानेत मज्जारज्जूला जागा कमी असू शकते. अशा माणसाची मान श्वासाची नळी घालताना किंवा पालथं करताना जरा जास्त मागे गेली, तर हर्नियाच्या ऑपरेशनला आलेला माणूस हातांतली ताकद गमावून उठेल. शंका आली तर प्लॅन्ड ऑपरेशन थांबवा, मानेचा एमआरआय करून घ्या. सर्जन चिडतील. चिडू द्या.

आणि मग माझी सगळ्यात आवडती पायरी: पोझिशनची रंगीत तालीम. पालथं झोपवायचं असेल तर वॉर्डातल्या कॉटवरच सांगायचं, “काका, पालथे व्हा बघू. आता दोन्ही हात डोक्याकडे न्या. खांद्यात ओढ बसते का?” लिथोटॉमी असेल तर, “आजी, गुडघे पोटाशी घ्या. आता पाय फाकवा. कुठपर्यंत जमतंय?” गुडघा सरळ ठेवून पाय उचलायला लावला की मांडीमागे ओढ कुठे बसते तेही कळतं. जागेपणी जेवढं सहज जमलं, तेवढीच भुलेतली हद्द. हातात जुना फ्रॅक्चर असलेले, गुडघ्याची वाटी बदललेले, खांदा गोठलेले पेशंट इथेच सापडतात. एका आजोबांचा उजवा खांदा साठ अंशांच्या वर जातच नव्हता. हे केसपेपरवर कुठेही नव्हतं.

सापडलेलं सगळं केसपेपरवर लिहा. आधीपासूनची बधिर करंगळी कागदावर नसेल तर ऑपरेशननंतर ती तुमची होते.

पेशंट आत येण्याआधी

टेबलाचा ब्रेक, आर्मबोर्डचे स्क्रू, दांड्यांचे क्लॅम्प हलवून बघा. आर्मबोर्ड गादीच्या उंचीला आहे ना ते पाहा. तो गादीच्या खाली असला की खांदा मागे पडून ताणला जातो. जेल पॅड सगळीकडे नसतात. गामजी (कापसाची जाड पट्टी), कापसाचे रोल, घडी घातलेली ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) आणि स्वच्छ उशा यांवर काम चांगलं भागतं. फक्त पॅड सुरकुतलेलं नको आणि घट्ट गुंडाळलेलं नको. कोपराभोवती करकचून बांधलेला कापूस म्हणजे मऊ दिसणारी टूर्निके, रक्त अडवायला हातापायाला आवळतात तो पट्टा.

उताणं झोपवताना

हात बाहेर आर्मबोर्डवर असेल तर खांद्यापासून ९० अंशांच्या आत. डोळ्यांनी मोजू नका, सर्जनच्या असिस्टंटला उभं राहायला जागा हवी म्हणून तो आर्मबोर्ड हळूहळू डोक्याकडे सरकवतोच. तळहात उताणा, किंवा अंगठा छताकडे. मान सरळ. डोकं उजवीकडे वळवलेलं आणि डावा हात ताणलेला, हा ब्रॅकियल प्लेक्ससला सगळ्यात वाईट जोड. सिझेरियनला दोन्ही हात बाहेर असतात आणि टेबल डावीकडे कललेलं असतं, तेव्हा उजवा हात खालच्या दिशेने ओढला जात नाही ना, हे वेगळं बघा.

हात अंगालगत असेल तर तळहात मांडीकडे, अंगठा वर. ड्रॉशीट अंगाखालून काढून हातावरून घ्या आणि पेशंटच्या अंगाखाली खोचा, गादीखाली नव्हे आणि टेबलाच्या रेलला तर मुळीच नाही. कोपर गादीच्या काठावर लोंबत असेल तर रेलची कड दंडात रुतते आणि मनगट उचलणारी रेडियल नस दबते. शिरेत लावलेल्या सुईचा हब, थ्री-वेचा नळ, ईसीजीची वायर हे सगळं हाताखालून काढा. बीपीचा पट्टा कोपराच्या वर दोन बोटं सोडून बांधा. कोपरावर घसरलेला पट्टा दर तीन मिनिटांनी नसेला चिमटा काढत राहतो.

एवढं करूनही अल्नर नसेचा त्रास होतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मेयो क्लिनिकने १९९४ मध्ये ११ लाखांहून अधिक पेशंटांची पाहणी छापली. तिच्यात टिकून राहिलेला अल्नरचा बिघाड साधारण २,७०० मध्ये एकाला होता, त्यात ७० टक्के पुरुष होते, आणि निम्म्याहून जास्त जणांना लक्षणं ऑपरेशननंतर २४ तास उलटल्यावर सुरू झाली. म्हणजे सगळा दोष टेबलाचा नाही. वॉर्डात कोपर दुमडून, छातीवर हात घेऊन दिवसचे दिवस पडून राहिल्यानेही हे होतं. खूप बारीक आणि खूप लठ्ठ, दोघांनाही धोका जास्त. पुरुषांच्या कोपराच्या आतल्या बाजूला चरबी कमी असते, त्याचाही हात यात असावा असं मानतात.

लिथोटॉमी

इथे मी माझीच चूक सांगतो. एक मावशी, अंगाने अगदी काटकुळ्या, गर्भाशय खालून काढायचं होतं. तासाभराचं काम म्हणून सुरू झालं. रक्तस्राव आवरेना, तीन तास लागले. डावा पाय दांडीच्या आत होता आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दांडीला टेकलेली होती. मध्ये एक सुती घडी होती, ती केव्हातरी खाली गळून पडली. मी मॉनिटरकडे आणि रक्ताच्या बाटलीकडे बघत होतो. दुसऱ्या दिवशी मावशी संडासाला निघाल्या तेव्हा डाव्या पायातली चप्पल फरशीवर फरफटत होती. घोट्यातून पाऊल वर उचलत नव्हतं. अकरा आठवड्यांनी ते नीट उचलायला लागलं. त्या अकरा आठवड्यांत मला त्यांच्या मुलाचे जेवढे फोन आले, त्यातल्या एकातही तो चढ्या आवाजात बोलला नाही, याचंच जास्त वाईट वाटायचं.

तिथे कॉमन पेरोनियल नस होती. ती पोटरीच्या बारीक हाडावरून वळते, तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं काही नसतं. मेयोच्याच १९९४ च्या दुसऱ्या पाहणीत १,९८,४६१ लिथोटॉमी पेशंटांपैकी दर ३,६०८ मध्ये एकाला पायाच्या ताकदीची टिकाऊ इजा झाली, आणि त्यात ७८ टक्के याच नसेच्या होत्या. बारीक अंगकाठी, नुकतंच सुटलेलं किंवा चालू असलेलं धूम्रपान आणि चार तासांहून जास्त वेळ, हे तीन धोके. २००० मध्ये त्यांनी ९९१ पेशंटांना मुद्दाम शोधून-विचारून तपासलं तेव्हा १५ जणांना कुठे ना कुठे त्रास सापडला, बहुतेक हलका. दोन तासांच्या आत मोकळं झालेल्या एकालाही नव्हता. मी त्यातून एकच घेतलं: लिथोटॉमीत घड्याळ लावायचं. दोन तास झाले की मोठ्याने सांगायचं. सर्जनला शक्य असेल तेव्हा पाय काही मिनिटं खाली घ्यायचे.

पाय वर घेताना दोन माणसं, दोन्ही पाय एकदम. एका हाताने टाच, दुसऱ्याने गुडघ्यामागे धरून आधी गुडघा आणि कंबर एकत्र वाकवायची, मग बाहेर. एकेक पाय उचलला की कंबर पिळवटते आणि जुनी सायटिका जागी होते. मांडी पोटाशी ९० अंशांच्या फार पुढे दाबू नका. जांघेत फेमोरल नस दुमडते आणि मग जिना चढताना गुडघा लचकतो. कंबर वाकलेली आणि गुडघा सरळ, हे तर नकोच; त्यात सायटिक ताणली जाते. दांडी पायाच्या आत असो वा बाहेर, पाय आणि दांडी यांच्यामध्ये तुमची सपाट पालथी बोटं सहज सरकली पाहिजेत. पोटरीला आधार देणारे बूट असतील तर भार टाचेवर आणि तळव्यावर असू द्या, पोटरीवर नाही. पोटरी तासन्तास दबली की स्नायू आतल्या आत सुजतात, रक्त थांबतं, आणि मग नसेचं सोडा, पाय वाचवायची वेळ येते.

असिस्टंट मांडीवर रेलतो. दर वेळी रेलतो. त्याला दर वेळी सांगा.

टेबलाचा पायाकडचा भाग पुन्हा वर करण्याआधी पेशंटचे हात कुठे आहेत ते डोळ्यांनी पाहा. अंगालगत ठेवलेल्या हाताची बोटं त्या सांध्यात सापडून चिरडतात. हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाटतं, पण एकदा पाहिलेलं कोणी विसरत नाही. पाय खाली घेताना पुन्हा दोघांनी, एकदम आणि सावकाश, बीपीवर नजर ठेवून.

पालथं करताना

मूतखड्याचं पीसीएनएल (पाठीतून दुर्बीण घालून खडा काढणं) आपल्याकडे रोजचं आहे आणि त्यात एकाच पेशंटला दोन पोझिशन मिळतात: आधी लिथोटॉमीत कॅथेटर, मग पालथं. धोका दुप्पट आणि घाईही दुप्पट, कारण सर्जनला पुढची केस दिसत असते.

उलटवायला किमान पाच माणसं. डोकं, मान आणि नळी भूलतज्ज्ञाच्या हातात, मोजणीही त्याचीच. ट्रॉली टेबलाला चिकटवून दोन्हींचे ब्रेक लावायचे, सर्किट (भुलेच्या मशीनपासून श्वासाच्या नळीला जोडलेल्या नळ्या) क्षणभर सोडायचं, आणि “एक, दोन, तीन” म्हटल्यावर डोकं, खांदे आणि कंबर एका ओंडक्यासारखे एकदम फिरले पाहिजेत. खांदे फिरले आणि डोकं मागे राहिलं की मानेला पीळ बसतो. उलटवून झालं की सर्किट जोडा, दोन्ही फुप्फुसांत हवा जाते ना ऐका, आणि मगच पॅड लावायला घ्या.

आता डोक्यापासून पायापर्यंत, याच क्रमाने. मान सरळ, ना मागे ना पुढे. डोळ्यांवर कशाचाही भार नको. डोळा दाबला गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मधून मधून बोट घालून खात्री करा. दोन्ही हात डोक्याकडे घेतले असतील तर खांदा ९० अंशांच्या आत, कोपर वाकलेला, हाताचा पंजा खांद्यापेक्षा जरा खालच्या पातळीवर. काखेत बोटं घाला. तिथे कातडी ताणून तबल्यासारखी लागली तर हात चुकीचा आहे. छातीखाली आणि कमरेखाली बोल्स्टर (लोड), पोट मोकळं. पोट दबलं की मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात, मणक्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जातं. कमरेचा बोल्स्टर नेमका पुढच्या हाडाच्या टोकावर रुतला तर मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. ताकद जात नाही, पण महिनाभर पँटचा स्पर्शही नकोसा होतो. स्त्रियांचे स्तन आत-मध्ये, पुरुषांचं लिंग आणि अंडकोश मोकळे, कॅथेटर दबलेला नाही. गुडघ्यांखाली पॅड, घोट्यांखाली उशी, बोटं लोंबती.

कुशीवर, फ्रॅक्चर टेबलवर, बसवून

कुशीवर झोपवताना ज्याला काखेचा रोल म्हणतात तो काखेत घालायचा नसतो. तो काखेच्या चार बोटं खाली, छातीखाली जातो, म्हणजे खालचा खांदा आणि त्यातल्या नसा मोकळ्या राहतात. खालच्या हाताच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावा. लहर गेली की रक्त अडलं. डोक्याखाली एवढी उशी की नाक आणि छातीचं हाड एका रेषेत येईल. खालचा पाय वाकवलेला, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि खालच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पॅड. तीच पेरोनियल नस.

फ्रॅक्चर टेबलवर जांघेतला खांब जाड पॅडचा असावा आणि ओढ फक्त लागेल तेव्हा, लागेल तेवढीच. सी-आर्ममध्ये (ऑपरेशन चालू असतानाच्या एक्स-रे मशीनवर) हाड जुळलेलं दिसलं, खिळा बसला, तरी ओढ तशीच राहते आणि प्युडेंडल नस दबून जननेंद्रिय बधिर होतं. हे पेशंट लाजेने सांगत नाहीत, आपणच विचारायचं.

बसवून केलेल्या ऑपरेशनमध्ये हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं गेलीच पाहिजेत. मान फार वाकली की मज्जारज्जू ताणला जातो, वर बीपी कमी असतं, आणि मानेच्या मध्यापासून खाली लुळेपणा आल्याच्या नोंदी आहेत. मानेत जागा कमी असलेल्या पेशंटचं बीपी कुठल्याही पोझिशनमध्ये त्याच्या नेहमीच्या आसपासच ठेवा.

दुर्बिणीतून ओटीपोटाची ऑपरेशनं करताना टेबल डोक्याकडे खूप उतरवतात. पेशंट घसरू नये म्हणून खांद्यांना लोखंडी आधार लावायची जुनी सवय आहे. तो मानेजवळ लागला की ब्रॅकियल प्लेक्सस थेट दबते. न घसरणारी गादी किंवा पाठीखाली फोम वापरा. लावायचाच झाला तर खांद्याच्या अगदी बाहेरच्या टोकाच्या सांध्यावर, दोन्ही हात अंगालगत ठेवून.

ऑपरेशन चालू असताना

मी दर अर्ध्या तासाला ड्रेपखाली हात घालतो: मान, काख, कोपर, गुडघा. टेबल वर-खाली, कललं, सरकलं की लगेच. पेशंट चार इंच सरकला तरी आधीचे सगळे पॅड चुकीच्या जागी जातात.

टूर्निकेबद्दल थोडं. हातासाठी वरच्या बीपीपेक्षा ५० ते १००, पायासाठी १०० ते १५० मिलिमीटर जास्त दाब सहसा पुरतो, आणि वेळ दोन तासांच्या आत. फुगवल्याची वेळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहा. रबराची एस्मार्क पट्टी गुंडाळून तिचीच टूर्निके करायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. तिच्याखाली दाब किती पडतो ते मोजताच येत नाही. मी ती माझ्या केसला करू देत नाही.

शुद्धीवर आल्यावर

रिकव्हरीतून हलवण्याआधी एक मिनिटाची तपासणी. हाताला तीन खुणा: अंगठा वर करून दाखवा (रेडियल), अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करा (मीडियन), बोटं फाकवा (अल्नर). पायाला तीन: पाऊल वर ओढा (पेरोनियल), माझ्या हातावर पाऊल दाबा (टिबियल), गुडघा सरळ करा (फेमोरल). स्पर्श करंगळीच्या टोकावर, मांडीच्या बाहेर आणि पायाच्या अंगठ्याजवळच्या बेचक्यात. निकाल काहीही असो, वेळ घालून लिहा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे, तिथे “चांगली काळजी घेतली” चालत नाही, “दोन्ही कोपरांखाली पॅड, तळहात उताणे, खांदे ८० अंश, ११.३० ला पुन्हा तपासले” चालतं.

स्पायनल, म्हणजे कमरेत सुई टोचून द्यायची भूल, दिलेली असेल तर पाय तपासायला थांबावं लागतं. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने बाळंतिणींसाठी २०२० मध्ये दिलेला नियम मी सगळ्यांना लावतो: शेवटच्या डोसनंतर चार तासांनी पेशंटला पाय सरळ उचलता आला पाहिजे. आला नाही तर भूलतज्ज्ञाला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. उतरत आलेली स्पायनल पुन्हा चढायला लागली, पाठीत जोरात कळा आल्या, लघवी अडली किंवा गुदद्वाराभोवती बधिरता आली, तर मणक्यात रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा सकाळची वाट बघत नाहीत. तातडीने एमआरआय आणि मणक्याचा सर्जन. गाठ पहिल्या आठ तासांत काढली तर पाय परत येण्याची आशा बरीच जास्त असते. हीच घाई पोटरी दगडासारखी कडक होऊन बोटं हलवताना जीव जात असेल तेव्हा.

बिघाड सापडला तर

आधी पट्टा, प्लास्टर, घट्ट ड्रेसिंग सैल करा. कधी कधी कारण तेवढंच असतं. नुसता बधिरपणा असेल तर बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो. ताकद गेली असेल तर न्यूरॉलॉजिस्टला लवकर दाखवा. ईएमजी, म्हणजे नसा-स्नायूंची विजेची तपासणी, दोनदा उपयोगी पडते. पहिल्या आठवड्यातच ती बिघडलेली निघाली तर दुखणं आधीचं होतं. नव्या इजेचे बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

नस नुसती दबून गप्प बसलेली असेल तर ती आठवड्यांत बोलायला लागते. आतला धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून पंजातल्या स्नायूंपर्यंत ३० सेंटिमीटर धरले तर दहा महिने. तोवर लुळ्या पावलाला स्प्लिंट, सांधे आखडू नयेत म्हणून रोजचा व्यायाम, आणि पेशंटला खरं ते सांगणं. मावशींच्या वेळी मी दुसऱ्याच दिवशी खुर्ची ओढून बसलो आणि दांडीचं सांगून टाकलं. सर्जनना ते आवडलं नव्हतं.

पेशंट आणि घरच्यांसाठी

भूलतज्ज्ञ भेटायला आले की जुन्या मुंग्या, मानदुखी, न वळणारा सांधा, शरीरात घातलेले रॉड-प्लेटा आपणहून सांगा. मधुमेहाचं वही-कागद सोबत ठेवा. अंगठ्या, बांगड्या, कडी, कमरेचा करदोरा काढून या; करदोऱ्याची गाठ पाठीखाली किती रुतते ते भूल उतरल्यावर कळतं. ऑपरेशननंतर कॉटवर हात दुमडून छातीवर घेऊन झोपू नका, कोपर लोखंडी रेलवर टेकवू नका.

घरी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोट बधिर वाटलं तर टाके काढायच्या तारखेपर्यंत थांबू नका, फोन करा. आणि तोवर त्या बोटाला सांभाळा. बधिर करंगळीला चहाचा पेला गरम आहे हे कळत नाही. भाकरी उलटताना तव्याची कड लागते, फोड येतो आणि तो दुसऱ्या दिवशी दिसतो. काही दिवस तवा दुसऱ्या हाताने, पाणी कोपराने तपासून, आणि रात्री झोपण्याआधी बोटं दिव्याखाली धरून एकदा बघायची.